मग ती थायरॉईडची गोळी कोणाची होती?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदललेत):

अमळनेर-पारोळ्याकडच्या एका गावातून एका वहिनीचं पत्र आलंय. वय ३१. घरात सासू-सासरे, नवरा, ८ वर्षांचा मुलगा आणि २३ वर्षांची ननंद, ती जळगावला होस्टेलला राहून एम.एस्सी. करते. नवीन फोन घेतल्यावर ननंदेने जुना फोन भाच्याला देऊन टाकला, शाळेचे व्हिडिओ बघायला. अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) चार दिवस आधी पोराला चित्रकलेच्या वहीसाठी गरुडाचं चित्र पाहिजे होतं, त्याने 'गर' एवढंच टाईप केलं आणि खाली छोट्या घड्याळाच्या खुणेसोबत जुनी ओळ आली, "गर्भपात किती आठवड्यांपर्यंत करता येतो". पोराने आईला विचारलं हे काय असतं. आईने मग सगळी हिस्ट्री उघडली. त्यात "लग्नाला नाही कसं सांगावं घरच्यांना" होतं, "जगावंसं वाटत नाही काय करावं" होतं, आणि नेट-सेटचा सिलॅबस, केस गळणं, "म्हाताऱ्या माणसाला रात्री सारखी लघवी", "थायरॉईडची गोळी चहाच्या आधी की नंतर" असलं पण बरंच काही होतं. वहिनीने तीन ओळींचे स्क्रीनशॉट नवऱ्याला पाठवले, नवऱ्याने सल्ला घ्यायला म्हणून चुलत भावाला, त्याने भावकीच्या ११२ जणांच्या ग्रुपवर, आणि तिथून ते सुरतला, ननंदेचं लग्न ठरत होतं त्या मुलाकडच्या मामांपर्यंत पोचले. साखरपुडा लटकलाय. ननंद पाच दिवस झाले खोलीबाहेर येत नाही, जेवण नावाला. चुलत दीर म्हणतात तिचा नवीन फोन पण काढून घ्या आणि पासवर्ड मागा. वहिनी विचारतात: "मी काळजीपोटीच केलं, माझं चुकलं का? हिस्ट्री तर खोटं बोलत नाही ना? तिने एकदाचं खरं काय ते सांगून टाकावं, आम्ही घरचेच आहोत, सांभाळून घेऊ. आणि ते स्क्रीनशॉट परत कसे आणायचे?"

ताई,

तुमचं पत्र वाचल्या वाचल्या तुम्हाला दोन ओळी पाठवल्या होत्या, त्या मिळाल्या असतील. तरी पण इथे परत तेच आधी लिहिते, कारण हे वाचणाऱ्या आणखी कोणाच्या घरात आत्ता तेच चालू असेल. साखरपुडा, भावकी, सुरतचे मामा हे सगळं आज बाजूला ठेवा. आज रात्री तिच्याजवळ जाऊन बसा. गर्भपाताचं काही विचारू नका, लग्नाचं काही विचारू नका. सरळ विचारा, "तुला जगणं नको वाटतंय का? जीव द्यायचे विचार येतात का?" असं उघड विचारलं तर तिच्या डोक्यात नसलेला विचार येईल अशी भीती खूप लोकांना वाटते, पण मनाचे डॉक्टर उलट सांगतात, की विचारल्याने माणसाला हलकं वाटतं, कोणीतरी विचारलं एवढंच पुष्कळ असतं. ती हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, घरात फवारणीचं औषध पडलेलं असेल, नानांच्या, म्हणजे तुमच्या सासऱ्यांच्या, गोळ्या असतील, ते सगळं कुलपात टाका, आणि १४४१६ ला फोन लावा. टेली-मानस नावाची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. ती स्वतः बोलायला तयार नसेल तर तुम्ही बोला, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. दुसऱ्या दिवशी सिव्हिलला मानसोपचाराचे डॉक्टर असतात त्यांना दाखवा, तिला विचारून, तिला सोबत घेऊन.

आता तुमचा मुख्य प्रश्न, हिस्ट्री खोटं बोलत नाही ना.

ताई, पत्राच्या शेवटी तुम्ही स्वतःबद्दल दोन ओळी लिहिल्या आहेत, की तुम्हाला तीन वर्षांपासून थायरॉईड आहे, टेन्शनने झोप लागत नाही. तुमच्या ननंदेला थायरॉईड नाही, असतं तर तुम्ही लिहिलं असतं. मग ती थायरॉईडची गोळी कोणाची होती? चहाच्या आधी घ्यायची की नंतर हे तिने कोणासाठी बघितलं? आणि रात्री सारखी लघवी होणारं म्हातारं माणूस तर तुमच्याच घरात ओसरीवर झोपतं. त्या पोरीने जळगावला होस्टेलच्या कॉटवर बसून तुमच्या गोळीचं शोधलं, नानांच्या लघवीचं शोधलं. त्या ओळी तुमच्या डोळ्यासमोरून गेल्या, तुम्ही त्यांचे स्क्रीनशॉट काढले नाहीत. काढले त्या तीनच ओळींचे.

मी हे तुम्हाला टोचायला लिहीत नाही. कोणीही असतं तरी त्या तीन ओळींवरच थांबलं असतं, मी पण. पण मग हिस्ट्रीने काय सांगितलं आणि आपण त्यातून काय निवडलं यात फरक करावा लागतो. हिस्ट्री एवढंच सांगते की अमक्या दिवशी या फोनवर हे शब्द टाईप झाले. कोणासाठी, का, भीतीने की अभ्यासाने की कुतूहलाने, रूममेटने पाच मिनिटं फोन मागितला होता का, यातलं एक अक्षर त्यात नसतं. ते आपण भरतो. आणि २३ वर्षांच्या, लग्न ठरत असलेल्या पोरीच्या बाबतीत काय भरायचं ते आपल्याकडे आधीच ठरलेलं असतं.

ही गोष्ट जगात एकदा फार मोठ्या प्रमाणावर होऊन गेलीय, ती तुम्हाला सांगते. २००६ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एओएल नावाच्या इंटरनेट कंपनीने साधारण साडेसहा लाख लोकांनी तीन महिन्यांत केलेले जवळपास दोन कोटी सर्च इंटरनेटवर उघडे टाकले. हॅक वगैरे काही नव्हतं, कंपनीनेच टाकले, संशोधकांना अभ्यासाला उपयोगी पडतील म्हणून. नावं काढून टाकली होती, प्रत्येकाला फक्त एक नंबर दिला होता, त्यांना वाटलं झालं काम. दोन-तीन दिवसात बोंब झाली, फाईल काढून घेतली, पण तोपर्यंत लोकांनी कॉपी करून ठिकठिकाणी ठेवली होती, ती आजपर्यंत परत गेलेली नाही. आणि ५ दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकारांनी ४४१७७४९ नंबरच्या माणसाचं घर शोधून काढलं. कसं, तर त्या नंबरने आपल्या गावातल्या बागकामवाल्यांचा शोध घेतला होता, आपल्याच आडनावाच्या लोकांना शोधलं होतं. जॉर्जिया राज्यातल्या एका छोट्या गावातली ६२ वर्षांची विधवा बाई निघाली, घरात तीन कुत्री. तिच्या सर्चमध्ये काय नव्हतं, बोटं बधीर होणं, साठीतले एकटे पुरुष, सगळीकडे लघवी करणारा कुत्रा, हात थरथरणं, तोंड कोरडं पडणं, बायपोलर नावाचा मानसिक आजार. कोणीही वाचलं तर म्हणेल बाई अंथरुणाला खिळलीय आणि डोकं पण फिरलंय. पत्रकार तिच्याकडे गेले तेव्हा कळलं की आजारांचं ती मैत्रिणींसाठी शोधायची, कोणाला काही झालं, कोणी घाबरलं, की ही घरी येऊन त्याची माहिती काढायची. तुमच्या ननंदेसारखंच.

आता विचार करा, पत्रकार तिच्या दारात गेले आणि तिला विचारलं म्हणून तिची बाजू समजली. बाकीच्या साडेसहा लाखांना कोणी विचारलं नाही. त्यांचे नंबर उघडून लोकांनी बसल्या जागी कथा बनवल्या, हा खुनी, ही बाहेरख्याली, हा वेडा. तुमच्या भावकीच्या ग्रुपवर पाच दिवस जे चाललंय ते तेच आहे, फरक एवढाच की तिथे नंबर होते आणि इथे सगळ्यांना तिचं नाव, बापाचं नाव, कॉलेज, सगळं माहिती आहे.

माझी आजी यावलकडची. तिला अक्षरओळख नव्हती. मोठी आत्या सुरतला दिलेली, तिचं महिन्या-दोन महिन्यांनी अंतर्देशीय यायचं, निळं, घड्या घालून चिकटवलेलं. ते वाचून द्यायला गल्लीतले एक मास्तर यायचे. मला आठवतं, मास्तर ओट्यावर बसले की आधी बाकीच्या बायांना म्हणायचे, जा बरं जरा, पाणी भरी लया. सगळ्या उठून गेल्यावर मग काडीने कड फाडायचे, सावकाश, अक्षर फाटू नये म्हणून. आणि हळू आवाजात वाचायचे. आत्याला तिकडे बराच जाच होता, ते सगळं त्या पत्रात असायचं. वाचून झालं की घडी घालून आजीच्या हातात द्यायचे आणि उठायचे, एक शब्द बोलायचे नाहीत, आजीने विचारलं तरच काय लिहायचं ते सांगायचे. त्या माणसाला आमच्या घरातलं आमच्यापेक्षा जास्त माहिती होतं आणि गावाला त्यातलं काही म्हणजे काहीच माहिती नव्हतं. मास्तर गेले तेव्हा आजी ज्या रडल्या ना ताई, सख्खा भाऊ गेल्यासारख्या.

हे सांगायचं कारण, दुसऱ्याचं खाजगी आपल्या समोर येणं यात दरवेळी आपली चूक नसते. पोराने गरुड शोधला आणि ओळ समोर आली, त्यात तुमचं काही नाही चुकलं. पोराच्या हातून फोन घेतला ते पण बरोबर. पुढे पूर्ण हिस्ट्री खाली खाली सरकवत बघितली, तिथपासून चुकलं, आणि स्क्रीनशॉट काढला तिथे जास्त चुकलं. तुम्ही विचारलंय म्हणून सरळ सांगते, हो, चुकलं. काळजी होती हे मला मान्य आहे, तुमच्या पत्रात ती दिसते. पण काळजी असती तर पहिला फोन जळगावला तिला गेला असता, तो नवऱ्याला गेला. तुम्ही घाबरला होता, आणि घाबरलेलं माणूस ओझं आपल्यापेक्षा मोठ्या माणसाच्या डोक्यावर देतं, नवऱ्याने पण तेच केलं, त्याने चुलत भावाच्या डोक्यावर दिलं. चुलत दिराचं मात्र मला तसं वाटत नाही. ग्रुपवर टाकणाऱ्याला सल्ला नको असतो.

"आम्ही घरचेच आहोत" असं तुम्ही तीनदा लिहिलंय. घरचे आहात म्हणूनच तर ही जखम जास्त आहे. परक्याने केलं असतं तर ती तुमच्याकडे रडत आली असती.

आणि "एकदाचं खरं सांगून टाकावं" याबद्दल. समजा ती म्हणाली, ते मी मैत्रिणीसाठी शोधलं होतं. तुम्ही विश्वास ठेवाल? भावकी ठेवेल? लगेच विचारतील, कोणती मैत्रीण, नाव सांग. मग ती मैत्रीण, जिचा या सगळ्याशी काही संबंध नाही, ती पण त्या ग्रुपवर येणार. आणि समजा ती म्हणाली, हो, माझ्यासाठीच. तरी काय? गर्भपाताचा कायदा या देशात १९७१ पासून आहे, २०२१ मध्ये त्यात सुधारणा झाली. १८ वर्षांवरच्या बाईला फक्त स्वतःची संमती लागते, नवऱ्याची नाही, बापाची नाही, भावाची तर नाहीच नाही. आणि त्याच कायद्यात लिहिलंय की डॉक्टरने त्या बाईचं नाव बाहेर फोडलं तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. ज्या डॉक्टरने स्वतः तपासलं, ज्याला सगळं खरं माहिती आहे, त्याला सांगायला बंदी. आणि ज्यांना खरं काय तेच माहिती नाही त्यांनी ते ११२ लोकांत टाकलं. म्हणून तिला खुलासा मागू नका. तिला वाटलं कधी सांगावं, तर ऐकून घ्या, मास्तरांसारखं.

इथे एक गोष्ट कबूल करते. "लग्नाला नाही कसं सांगावं घरच्यांना" ही ओळ वाचल्यावर मला पण मोह झाला, की बघा, तिला हे लग्नच नकोय, आणि तुम्ही लोक दुसऱ्याच ओळीवर अडकलात. पण मग मी पण तेच केलं असतं जे भावकीने केलं, एका ओळीवरून तिचं मन ठरवून टाकलं. ती ओळ पण मैत्रिणीची असू शकते. म्हणून ती ओळ विसरा आणि तिला लग्नाचं तसंच विचारा जसं स्थळ आलं तेव्हा विचारायला पाहिजे होतं, एकटीला, चहा-पोह्यांच्या आधी, नाही म्हणायची मुभा ठेवून. तुमच्या पूर्ण पत्रात तिला विचारलं होतं असं कुठे आलं नाही. मग जगावंसं वाटत नाही ही ओळ मात्र मी खरी धरायला का सांगितली, असं कोणी म्हणेल. खरी धरा असं नाही सांगितलं, विचारा असं सांगितलंय. तिथे आपला अंदाज चुकला तर ती फार तर म्हणेल वहिनी तुम्ही काहीही विचारता, आणि न विचारता चुकलो तर माणूस जातं.

स्क्रीनशॉट परत आणायचं विचारलंय. खरं सांगू, परत येत नाहीत. एओएलसारख्या कंपनीला जमलं नाही ते आपल्याला नाही जमणार. पण पसरणं कमी करता येतं आणि तेवढं तरी आजच करा. व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्याला साधारण दोन-अडीच दिवसातच 'सगळ्यांसाठी डिलीट' करता येतं, ती मुदत गेलीय. आता ज्याच्या त्याच्या फोनमधूनच काढावं लागेल, चॅटमधून आणि गॅलरीतून पण, कारण फोटो आपोआप गॅलरीत सेव्ह झालेला असतो, लोक चॅट उडवतात आणि फोटो तसाच राहतो. ग्रुपवर मेसेज कोणी टाकायचा? तुमच्या नवऱ्याने. तुम्ही नाही, सासऱ्यांनी नाही, आणि तिने तर मुळीच नाही. लांबड लावायची नाही, काहीतरी असं, "माझ्या बहिणीच्या फोनमधली खाजगी गोष्ट माझ्या हातून बाहेर गेली. चूक माझी आहे. ज्यांच्याकडे फोटो असेल त्यांनी काढून टाका, पुढे पाठवू नका. याबद्दल तिला किंवा घरी कोणी विचारू नये." बस. त्यात "तसं काही नव्हतं" असं लिहू नका, "गैरसमज झाला" असं पण नको. खुलासा आला की चर्चा परत सुरू होते. नवऱ्याला जड जाईल, भावकीत मान खाली घालायची म्हणजे काय ते मला माहिती आहे, लोके काय म्हनतीन हे आपल्याकडे भाकरीच्या आधी येतं. पण पाच दिवस झाले ती मान खाली घालून बसलीय, तिचा काहीच दोष नसताना.

मुलाकडच्यांना काय सांगायचं हा अवघड भाग आहे. घरातले कोणी म्हणत असतील की सांगून टाका फोटो खोटा आहे, कोणीतरी एडिट करून टाकलाय. सोपं वाटतं, पण उद्या ती त्या घरात गेली तर ते खोटं तिला आयुष्यभर सांभाळावं लागेल, तुम्हाला नाही. मैत्रिणीचं कारण पुढे करणं पण तसंच, ते तुम्हाला माहितीच नाही. माझं मत विचाराल तर आधी तिच्याशी बोला की हे स्थळ तुला पाहिजे का. ती नाही म्हणाली तर विषयच संपला, तुमच्या बाजूने नाही कळवा, तिच्या नावावर न ढकलता. ती हो म्हणाली तर तिलाच त्या मुलाशी बोलू द्या, दोघं एकटे, तिला जेवढं सांगावं वाटेल तेवढं. आणि मामांना नवऱ्याने एवढंच सांगावं की खाजगी गोष्ट आमच्याकडून फुटली याची लाज वाटते, तिच्याबद्दल आम्हाला काही शंका नाही. मामा तरी खोदत राहिले तर त्या घरात पोरगी द्यायची का हे तुम्ही ठरवा.

चुलत दीर म्हणतात नवीन फोन काढून घ्या. हे अजिबात होऊ देऊ नका. तिच्या मैत्रिणी, तिचा अभ्यास, मदतीसाठी कोणाला फोन करायचा तो रस्ता, सगळं त्या फोनमध्ये आहे, आणि जिला जगावंसं वाटत नसेल अशी शंका आहे तिच्याकडून फोन काढून घेणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. शिवाय दिरांना हे पण सांगा की भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाच्या गुन्ह्यात पुरुषाने बाईच्या इंटरनेट, ईमेलच्या वापरावर नजर ठेवणं पण धरलेलं आहे, पहिल्यांदाच तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तक्रार करायची की नाही हा तिचा निर्णय, तुमचा नाही, माझा पण नाही. तिला सल्ला घ्यायचा असेल तर जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बाईला तिथे वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, फोन नंबर १५१००. कोणी त्या फोटोवरून पैसे मागायला लागलं, धमकी द्यायला लागलं, तर १९३० आणि सायबर पोलीस, त्यात एक तास पण थांबू नका. लोक म्हणतात नवीन डेटा कायदा आलाय ना २०२३ चा, पण तो कंपन्या आणि संस्थांसाठी आहे, माणूस घरगुती कामासाठी जे करतो त्याला तो लावता येत नाही. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलं की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, पण घराच्या उंबऱ्याच्या आत तो हक्क कोणी द्यायचा, तो आपणच द्यायचा.

जुना फोन तुमच्याकडेच आहे अजून. घाबरून त्यातली हिस्ट्री उडवून टाकू नका, ते पण तिचंच आहे, काय ठेवायचं काय काढायचं ते ती ठरवेल. पोराकडून घ्या, स्विच ऑफ करा, चार्जरसकट तिच्या हातात द्या आणि म्हणा, "मी बघितलं, मी पाठवलं, मला माफ कर." त्यापुढे "पण काळजी वाटली म्हणून" हे शब्द जोडू नका. मोह होईल. ती ओरडली तर ओरडू द्या, बोलली नाही तर परत दुसऱ्या दिवशी जेवणाचं ताट घेऊन जा.

आता बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं, कारण ही पत्रं आता वरचेवर यायला लागलीत, मागे चोपड्याकडच्या एका मुलाचं आलं होतं, त्याने ऑनलाईन सेंटरवर फॉर्म भरताना लॉग-इन तसंच सोडलं होतं. आपल्याकडे फोन एकाचा नसतो. आईचा फोन पोरगा वापरतो, पोराचा जुना फोन बापाकडे जातो, एकच गूगल खातं तीन फोनमध्ये चालू असतं कारण दुकानदाराने फोन विकताना त्याच्या सोयीने टाकून दिलेलं असतं. आणि खातं एक असलं की एका फोनवर शोधलेलं दुसऱ्या फोनवर दिसतं, हेच लोकांना माहिती नसतं. म्हणून फोन दुसऱ्याला देताना, मग तो घरातलाच असो, आधी सेटिंगमध्ये जाऊन आपलं गूगल खातं काढा आणि मग फोन पूर्ण रिसेट करा, या क्रमाने, कारण खातं न काढता रिसेट केला तर तो फोन नंतर तुमचाच पासवर्ड मागत बसू शकतो. फोन आधीच देऊन झाला असेल तर आपल्या आत्ताच्या फोनमधून गूगल खात्यात 'तुमची डिव्हाइस' म्हणून यादी असते, तिथून जुन्या फोनला लांबूनच साइन आउट करता येतं. ही यादी आज एकदा बघाच, दोन-चार अनोळखी नावं तरी निघतील.

गूगलमध्ये 'माय ॲक्टिव्हिटी' म्हणून जागा आहे, तिथे तुमचं सगळं शोधलेलं तारखेनुसार साठलेलं असतं, यूट्यूबचं पण. तिथेच आपोआप डिलीटची सोय आहे, ३ महिने, १८ महिने, ३६ महिने असे पर्याय येतात, त्यातला ३ महिन्यांचा लावून टाका. ते पान उघडताना वेगळी ओळख मागेल अशी पण सेटिंग आहे. इन्कॉग्निटोवर, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी मोडवर, जास्त भरवसा ठेवू नका, तो फक्त या फोनवर हिस्ट्री ठेवत नाही, पलीकडच्या साईटला, नेट पुरवणाऱ्याला तुम्ही दिसता, आणि त्यात लॉग-इन केलं तर सगळं परत खात्यात जातं. याच गैरसमजावरून अमेरिकेत २०२० मध्ये गूगलवर केस झाली, आणि २०२४ मध्ये तडजोड करताना अब्जावधी नोंदी नष्ट करायचं गूगलला कबूल करावं लागलं. तरी पण घरातल्या घरात कोणी बघू नये एवढ्यासाठी तो उपयोगी आहे, बायांनी, पोरींनी जरूर वापरावा. कॉम्प्युटरवर ब्राउझरला ती फुकटची एक्स्टेन्शनं लावतात ना, कूपन देणारी, साईट सुरक्षित आहे का सांगणारी, ती काढा. २०१६ मध्ये जर्मनीत एका पत्रकार बाईने आणि तिच्या सहकाऱ्याने खोटी मार्केटिंग कंपनी उभी करून ३० लाख लोक नेटवर काय काय बघतात तो डेटा नमुना म्हणून फुकटात मिळवला होता, आणि तो असल्याच एक्स्टेन्शनमधून गोळा झालेला होता. त्यात न्यायाधीश सापडले, खासदार सापडले.

आणि पोरींनो, हे सगळं वाचून शोधायचं बंद करू नका. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. आपल्याकडे पाळीचं, गर्भाचं, मारहाणीचं, मनात येणाऱ्या काळ्या विचारांचं विचारायला घरात जागा नसते, ती सर्चची एक चौकट आहे जिथे तोंड वर करून विचारता येतं. तुमच्या गावातल्या बाकीच्या पोरींनी त्या ग्रुपवरचा फोटो बघितला असेल ताई, आणि त्यातल्या एखादीने काल रात्री काहीतरी टाईप करता करता पुसून टाकलं असेल, आणि तिला ते माहिती होणं गरजेचं असेल.

एक राहिलं. तुम्ही ओझरतं लिहिलंय की मुलगा आता फुईच्या (आत्याच्या) खोलीकडे जात नाही, फोन मागत नाही, चित्रकलेची वही दप्तरातून काढत नाही. त्याला आठव्या वर्षी एवढंच कळलंय की मी गरुड शोधला आणि घरात भांडण झालं. त्याला जवळ घ्या आणि सांगा की तुझं काही चुकलं नाही, चूक मम्मीची होती, मम्मीने फुईची माफी मागितलीय. हे सांगायच्या आधी खरंच मागितलेली असू द्या. वही तुम्ही बाहेर काढा, पेन्सिलला टोक करून द्या, गरुड नाही जमला तर घार चालेल, आणि फुईला दाखवायला जायचं का हे त्याला विचारा.